ही भाजी कुणाच्या रानातली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ‘धान्य-भाजी शक्यतो आपल्याच जिल्ह्यातली घ्या’ असं लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज भरपूर आले. काहींनी कौतुक केलं, काहींनी चांगलंच फैलावर घेतलं, आणि ते ठीकच आहे कारण हा विषय नुसता जिव्हाळ्याचा नाहीये, महिन्याच्या खर्चाचा पण आहे. सगळी पत्रं छापायला जागा नाही म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारले तेच घेतलेत.

ताई, तुम्ही म्हणता जवळचं घ्या. पण मंडईतली असो, गाड्यावरची असो नाहीतर ॲपवरची, भाजी शेवटी मार्केट यार्डातूनच येती ना? मग मी कुणाकडून घेतली तर शेतकऱ्याला काय फरक पडणार? ॲपवर तर दोन रुपये कमीच पडतात.
*– एक गृहिणी, जुळे सोलापूर*

तुमचं निम्मं म्हणणं खरंय. बरीचशी भाजी यार्डातूनच येते आणि त्या साखळीत तुम्ही शेवटच्या टोकाला कुठं उभ्या राहिलात यानं शेतकऱ्याच्या पट्टीवर फारसा फरक पडत नाही. पट्टी म्हणजे माल विकला गेल्यावर आडत्याकडून शेतकऱ्याला जो हिशोबाचा कागद मिळतो तो. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आगाऊ घेतली असेल तर उचल, आणि सगळ्यात शेवटी जे उरलं ते. भाव पडलेला असला की वरचा आकडा आणि खालचा आकडा यात काही उरतच नाही. २०२३ च्या फेब्रुवारीतली बातमी तुम्हाला आठवत असेल, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरला ५१२ किलो कांदा आणला, किलोला रुपया भाव लागला, आणि सगळा खर्च वजा जाता हातात २ रुपयांचा चेक आला. देशभर गाजलं होतं ते. त्याच दिवसांत आपण किरकोळीत कांदा काय भावानं घेत होतो ते आठवून बघा, रुपयानं तर कुणीच घेतला नव्हता.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाटा यांचा हिशोब मांडला होता. गिऱ्हाइकानं दिलेल्या रुपयातले शेतकऱ्यापर्यंत पोचतात टोमॅटोत साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. बाकीचे वाटेत जातात. आता वाटेतले सगळेच लुबाडणारे आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, हमाल पण आपलाच, टेम्पोवाला पण आपलाच, आणि लक्ष्मी मंडईत पहाटेपासून बसलेल्या मावशी तर दिवसभर उन्हात बसून जे सुटेल त्यावर घर चालवतात, संध्याकाळी उरलेली भाजी सुकली तर तो तोटा पण त्यांचाच. म्हणून माझं सरळ मत सांगते. ॲप आणि मंडईतली मावशी यात निवड करायची असेल तर मावशीकडं जा, तो पैसा निदान याच गावात फिरतो, तिच्या पोराच्या शाळेच्या फीला, गल्लीतल्या किराणा दुकानाला लागतो.

पण खरा फरक पडतो तो साखळीच लहान केली की. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्यानं माल यार्डातच नेला पाहिजे ही सक्ती गेली, तो थेट तुमच्या दारात विकू शकतो. त्याच सुमारास पणन मंडळानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले आणि त्या अभियानाला नाव दिलं संत शिरोमणी सावता माळी यांचं, म्हणजे आपल्याच माढा तालुक्यातल्या अरणचे सावतोबा. तर आधी आपल्या भागात असा बाजार भरतो का ते शोधा. नसेल तर मंडईत आणि रस्त्याच्या कडेला शेतकरी स्वतः बसतात ते ओळखायला शिका. त्यांच्याकडं वीस प्रकारच्या भाज्या नसतात, दोन किंवा तीनच असतात. फ्लॉवर, सिमला मिरची आणि सफरचंद एकाच पाटीत घेऊन बसलेला माणूस शेतकरी नसतो, त्यानं माल विकत आणलाय. शेतकऱ्याच्या मेथीची जुडी बघा, मुळासकट असते, मुळांना काळी माती चिकटलेली, ओली असली तर बोटांना लागते आणि लवकर सुटत नाही, जुडीला दोरी असेल नसेल पण पाचटानं किंवा वाखानं बांधलेली दिसेल, आणि पानं सगळी एका मापाची नसतात. त्यांना विचारा, रान कुठंय? तिऱ्हे, मार्डी, बोरामणी, कुंभारी असं नाव लगेच येतं आणि बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती राहिलंय हे पण येतं. तिथून पुढं ओळख वाढवायची, नंबर घ्यायचा, दर आठवड्याला त्यांच्याकडूनच घ्यायचं. एका दिवशी पाच रुपये वाचवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे कारण शेतकऱ्याला सगळ्यात जास्त गरज कशाची असेल तर ठरलेल्या गिऱ्हाइकाची.

मी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स करतेय. लोकल खाल्लं की कार्बन कमी होतो असं सगळे म्हणतात, फूड माईल्स म्हणजे अन्नानं केलेला प्रवास वगैरे. पण हे कितपत खरंय? आणि सोलापूरसारख्या ठिकाणी लोकल म्हणजे नक्की काय खायचं, ऊस?
*– एक विद्यार्थिनी, केगाव*

प्रश्न फार आवडला बाई तुझा, कारण यात लोक भावनेच्या भरात काहीही सांगतात. २०१८ साली सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, ११९ देशांतल्या ३८ हजारांहून जास्त शेतांची माहिती घेतलेली, त्यात अन्नामुळं होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण सहा टक्केच निघाला. म्हणजे माल किती किलोमीटरवरून आला यापेक्षा काय पिकवलं आणि कसं पिकवलं हे कितीतरी मोठं आहे. विमानानं येणारी फळं सोडली तर नुसतं अंतर मोजून उपयोग नाही. त्यामुळं हिमाचलचं सफरचंद महिन्यातून एकदा खाल्लंस तर काही बिघडत नाही.

आता सोलापूरचं बोल. आपल्याकडं पाऊस सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, जून-जुलै बऱ्याचदा कोरडे जातात आणि खरा पाऊस सप्टेंबरात परतताना पडतो. इथं पर्यावरणाचा प्रश्न म्हणजे आधी पाण्याचा प्रश्न. तू ऊस म्हणालीस ते बरोबर वर्मावर बोट ठेवलंस. उसाला वर्षभर, आडसाली लावला तर दीड वर्ष पाणी द्यावं लागतं, उजनीचं पाणी, कालव्याचं, बोअरचं. साखर आपल्या जिल्ह्यातलीच आहे म्हणून ती टिकाऊ शेतीतून आली असं होत नाही. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला ठरलेला भाव आणि ठरलेला खरेदीदार मिळतो म्हणून तो लावतो, आणि नेमकं तेच ज्वारीवाल्याला मिळत नाही.

म्हणून माझं उत्तर एकच, ज्वारी. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, काळ्या भारी जमिनीत परतीच्या पावसाची जी ओल मुरलेली असते त्या ओलीवर ती वाढते, बऱ्याच ठिकाणी वरून पाण्याचा थेंब न देता फेब्रुवारी-मार्चला हाताशी येते. आपण ज्या मालदांडीच्या नावानं ज्वारी घेतो ती एम ३५-१ जात १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली आहे, इतकी वर्षं झाली, नवीन जाती आल्या तरी लोकांना भाकरीला तीच लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं. आणि एका पिकात दोन गोष्टी मिळतात, माणसाला दाणा आणि जनावराला कडबा, म्हणजे तू ज्वारी खातेस तेव्हा त्या घरच्या गाईम्हशींची वैरणपण त्यातच निघते. तांदूळ आपल्याकडं बाहेरून येतो आणि त्याच्या खाचरात पाणी साठवावं लागतं, त्या साठलेल्या पाण्यातून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू निघतो हे तुला अभ्यासात असेलच.

तरीपण ज्वारीचा पेरा कमी होत चाललाय, का, तर ती हातानं उपटावी लागते, कणसं खुडावी लागतात, ती मजुरी परवडत नाही आणि माणसंही मिळत नाहीत, आणि वर दाण्याला भाव मिळेलच याची खात्री नाही. शहरात घराघरात भाकरीच्या जागी चपाती आली त्याचाही यात हात आहे.

तर घरच्यांना सांग, वर्षाची ज्वारी एकदम शेतकऱ्याकडून घ्या. चौघांच्या घरात रोज पाचेक भाकरी होत असतील तर वर्षाला सव्वा क्विंटलच्या आसपास लागते. मळणी झाली की मार्च-एप्रिलात घ्यायची. दाणा मोत्याच्या रंगाचा, गोल, चकचकीत पाहिजे, हातात घेतला की एकमेकांवरून घरंगळतो. दाताखाली कट्कन फुटला तर वाळलेला आहे, दबला तर अजून ओल आहे, ती ज्वारी भरून ठेवली की बुरशी येते. काढणीच्या वेळी पाऊस लागला असेल तर दाणा काळसर पडतो, तो स्वस्त मिळतो पण भाकरीला रंग आणि चव दोन्ही जाते. आणल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं आणि, हे फार जणांना माहीत नसतं, गरम गरम कोठीत भरायची नाही, सावलीत पूर्ण गार होऊ द्यायची, नाहीतर आत घाम सुटतो आणि किडे होतात. मग कडुलिंबाचा सुकलेला पाला खाली-वर घालून झाकण घट्ट लावायचं. दळण मात्र एकदम आणू नका, ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना तुटते, आठ-दहा दिवसांपुरतंच दळा.

ज्वारीसोबत करडईचं पण बघ. करडई पण कोरडवाहू, ओलीवर येणारी, आणि लाकडी घाण्याचं करडईचं तेल आपल्या भागात अजून मिळतं. थंडीत करडईची कोवळी भाजी येते ती तर फुकटच्या भावात असते.

शेतकऱ्याशी भाव करावा की नाही? आमच्या घरी यावरून रोज वाद होतो. सासूबाई म्हणतात भाव केल्याशिवाय घेऊच नये.
*– एक वाचक, होटगी रोड*

सासूबाईंचा मान ठेवून सांगते, व्यापाऱ्याशी करा, दुकानदाराशी करा, पण जो स्वतः पिकवून स्वतः विकायला आलाय त्याच्याशी करू नका. मॉलमध्ये पाकिटावर छापलेला भाव आपण मुकाट्यानं देतो. भाव अवाच्या सवा वाटला तर घेऊ नका, तेवढं पुरेसं आहे. सासूबाईंना हिशोबच पाहिजे असेल तर त्यांना सांगा, ठरलेल्या माणसाकडून घेतलं की तो मापात कधी मारत नाही आणि मूठभर कोथिंबीर आपणहून घालतो.

माझी मेस आहे, ऐंशी-नव्वद पोरं जेवतात. मला मनापासून वाटतं थेट शेतकऱ्याकडून घ्यावं पण एकदा प्रयत्न केला, पहिल्या आठवड्यात माल आला, दुसऱ्या आठवड्यात फोनच उचलला नाही. पोरं काय उपाशी ठेवू? परत यार्डात जायला लागलो.
*– मेसचालक, अशोक चौक*

दादा, तुमच्यासारख्यांनी हे केलं तर शंभर घरांनी केल्यासारखं आहे, म्हणून सोडू नका. फोन न उचलणं चुकीचंच, पण असं का होतं तेही बघा, त्या दिवशी यार्डात भाव वर गेलेला असतो, शेतकऱ्याला वाटतं तिकडं चार पैसे जास्त मिळतील, आणि उलटं झालं की, म्हणजे भाव पडला की, आपण गिऱ्हाईक म्हणून यार्डाकडं पळतो. दोघंही एकमेकांना सोडून जायला मोकळे, मग विश्वास कुठून यायचा. तर आधी भाव बांधून घ्या. रोजच्या बाजारभावानं नाही, हंगामाचा एकच भाव, त्याला परवडेल आणि तुम्हाला झेपेल असा, बाजार वर गेला तरी तोच आणि खाली आला तरी तोच. कागदावर लिहा, साध्या वहीच्या पानावर लिहिलं तरी चालेल पण दोघांच्या सह्या करा.

दुसरं म्हणजे एकावर विसंबू नका. भाजीला दोन घरं ठेवा, वेगवेगळ्या गावातली, एकाकडं गारपीट झाली किंवा बोअर आटला तर दुसरा असतो. सगळी खरेदी एकदम हलवायची गरज नाही, कांदा, ज्वारी, तूरडाळ या टिकणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा, यात रोजच्या रोज येण्याचा प्रश्नच नाही. डाळीला तर आपला जिल्हा भारीच आहे, अक्कलकोट-बार्शीकडची तूर, गावातच डाळ करून देणारे गट आहेत. महिनाभर ते नीट चाललं की पालेभाजी घ्या.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे मेनू. वर्षभर फ्लॉवर-बटाटा, वाटाणा-बटाटा असाच मेनू असेल तर कुठलाच शेतकरी तुम्हाला पुरा पडणार नाही. थंडीत मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, वांगी, कांदापात, गाजर याची रेलचेल असते तेव्हा तीच करा, डाळ-वांगं आठवड्यातून दोनदा झालं तरी पोरं तक्रार करत नाहीत. उन्हाळ्यात पालेभाजी आपल्याकडं महाग होते आणि लगेच सुकते, तेव्हा गवार, दोडका जेवढं मिळेल तेवढं, आणि बाकी दिवस मटकी, हुलगा, पिठलं, शेंगाभाजी. हुलग्याचं माडगं करून बघा एकदा, गावाकडून आलेली पोरं खूश होतील. पावसाळ्यात तांदुळजा, दोडका, कारली. असं केलं की खर्च आपोआप खाली येतो, कारण जे त्या महिन्यात रानात भरपूर आहे तेच आपण घेतोय.

आणि पैसे. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. माल उतरला की त्याच दिवशी यूपीआयनं पैसे टाका. आठवड्यानं देतो, महिन्यानं देतो हे व्यापाऱ्याला चालतं, शेतकऱ्याला मजुराची हजेरी त्याच संध्याकाळी द्यायची असते. रोख आणि वेळेवर देणाऱ्याचा फोन कुणी टाळत नाही.

बचत गटाची शेंगा चटणी आणि कडक भाकरी घ्यायला आवडतं, पण घरगुती म्हटल्यावर स्वच्छतेची खात्री कशी करायची? एकदा चटणीला खवट वास आला होता.
*– एक निवृत्त शिक्षक, सात रस्ता*

सर, खवट वास आलेली चटणी टाकूनच द्या, काटकसर करू नका. शेंगदाणा जुना किंवा ओल लागलेला असेल तर त्यावर बुरशी येते आणि काही बुरशींमुळं अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हरला फार वाईट, आणि भाजून किंवा तिखट घालून जात नाही. चांगली शेंगा चटणी कुटलेली असते, मिक्सरमध्ये भुकटी केलेली नाही. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं म्हणून ती ओलसर, गोळा होईल अशी दिसते, लसूण आणि जिऱ्याचा वास पाकीट उघडल्या उघडल्या आला पाहिजे.

पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, तयार केल्याची तारीख, वजन आणि बनवणाऱ्या गटाचा पत्ता बघा. लहान गटांना पण ही नोंदणी करावी लागते आणि ती फार अवघड नाही. तेवढं असेल तर बिनधास्त घ्या, आणि मोठं पाकीट न घेता महिन्यात संपेल एवढंच घ्या, ताजी चटणी पुन्हा आणायला गेलात की त्यांचीपण विक्री होते. कडक भाकरी मात्र डब्यात नीट ठेवली तर पुष्कळ टिकते, ती जास्त घेतली तरी चालेल, बाहेरगावच्या पोराबाळांना पाठवायला उत्तमच. पातळ, सगळीकडून सारखी, मोडताना कुरकुरीत आवाज येणारी घ्या. मध्ये मऊ लागली तर नीट वाळलेली नाही.

चटणीची एक गंमत म्हणजे त्यात काम करणाऱ्या बायकांना घर सांभाळून रोजगार मिळतो, विडीच्या सुपापुढं दिवस काढण्यापेक्षा हे काम बरं असं मला यातल्या किती तरी जणींनी सांगितलंय. म्हणून दुकानातून घेण्यापेक्षा गटाकडून थेट घ्या.

ताई, तुम्ही गिऱ्हाइकाला सांगालाव शेतकऱ्याकडून घ्या म्हणून, पण आम्हाला विकायला जागा कुठंय? सोसायटीत वॉचमन आत सोडत नाही, रस्त्याला बसलं की गाडी उचलायला येतात. माल चांगलाय आमचा, पण लई हाल होतेत बगा.
*– एक शेतकरी, मोहोळ तालुका*

तुमचं म्हणणं शंभर टक्के खरंय दादा, आणि हे पत्र मुद्दाम छापतेय, सोसायटीवाल्यांनी वाचावं म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे, आठवड्यातून एक दिवस, दोन तास, पार्किंगच्या एका कोपऱ्यात जागा द्या. भाडं घेऊ नका. यात तुमचं काही जात नाही आणि म्हाताऱ्या माणसांची मंडईची चक्कर वाचते.

आता तुमच्यासाठी. एकट्यानं वॉचमनशी भांडण्यापेक्षा गावातले चार-पाच जण एकत्र या, एकाकडं पालेभाजी, एकाकडं फळभाजी, एकाकडं कांदा-डाळ असं, म्हणजे गिऱ्हाइकाला एकाच ठिकाणी आठवड्याची खरेदी होते आणि टेम्पोचं भाडं वाटून जातं. तालुका कृषी कार्यालयात किंवा ‘आत्मा’ या शेतीच्या सरकारी यंत्रणेच्या ऑफिसात जाऊन गटाची नोंद करा, गट म्हणून पत्र घेऊन गेलात की सोसायटीतपण लोक बसवून ऐकतात आणि आठवडे बाजारात जागा मागायलापण तेच कामाला येतं.

व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी संध्याकाळी उद्या काय काय आहे आणि भाव काय ते टाका, लोक ऑर्डर देतील तेवढंच काढा, म्हणजे उरून सुकायचा प्रश्न नाही. फोटो टाका, पण काढलेल्या मालाचा नको, रानातला टाका. काटा वजनमापे खात्याचा शिक्का असलेलाच वापरा, शहरातल्या माणसाच्या मनात मापाची शंका असतेच आणि ती एकदा गेली की गिऱ्हाईक कायमचं. जुड्या धुऊन-पुसून चकचकीत करायच्या नादाला लागू नका, पण सडकं, किडकं आधीच बाजूला काढा. आणि पाऊस झाला, माणूस आजारी पडला, येता येणार नसेल तर तसा मेसेज करा, वरती मेसवाल्या दादांची तक्रार छापलीय ती वाचा, तुमच्या बाजूनंही शब्द पाळला जाईल हे त्यांना दिसलं पाहिजे.

सेंद्रिय म्हणून दीडपट भाव मागतात, खरं कसं ओळखायचं?
*– एक वाचक, विजापूर रोड*

नजरेनं ओळखता येत नाही. किडकी भाजी म्हणजे सेंद्रिय हा गैरसमज आहे. पाकिटातल्या मालावर सेंद्रिय प्रमाणपत्राचा सरकारी शिक्का बघा. थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर पीजीएसचं प्रमाणपत्र आहे का विचारा, यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, लहान शेतकऱ्याला ते परवडतं. प्रमाणपत्र नसेल तरी खोटं आहे असं नाही, मग सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन रानात जा, शेणखताचा उकिरडा आहे का, जीवामृताची टाकी आहे का, शेजारच्या रानातून फवारा येतो का, हे डोळ्यांनी दिसतं. थंडीत गेलात तर हुरडापण होईल. आणि जो सरळ सांगतो की ‘फवारलंय पण तोडायच्या आधी औषधाच्या डब्यावर लिहिलेत तेवढे दिवस थांबलोय’, त्याच्यावर मी सेंद्रियच्या नुसत्या पाटीपेक्षा जास्त विश्वास ठेवते.

आपल्या सोलापूरच्या डाळिंबाचं एवढं नाव आहे, पण बाजारात कधी चांगलं मिळतं कधी नाही. कुठल्या महिन्यात घ्यावं? आणि वर काळे डाग असलेलं घ्यावं का?
*– एक वाचक, नवी पेठ*

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि देशाचं डाळिंब संशोधन केंद्रच आपल्या केगावला आहे, तिथं तयार झालेली ‘सोलापूर लाल’ ही जात लोह आणि जस्त जास्त असलेली म्हणून ओळखली जाते. फळ शेतकऱ्यानं कुठला बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरलाय त्यावर येतं. आंबे बहाराचं जूनपासून ऑगस्टपर्यंत, मृग बहाराचं डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, हस्त बहाराचं फेब्रुवारीपासून पुढं. त्यामुळं एकच महिना सांगता येणार नाही, पण हिवाळ्यात बाजारात ‘भगवा’ जातीचं डाळिंब भरपूर असतं आणि भावही बरा असतो. हातात जड लागणारं, बाजूंनी थोडं चपटं झालेलं घ्या, अगदी गोलगरगरीत फळ बऱ्याचदा पुरतं पिकलेलं नसतं.

डागांचं म्हणाल तर ते बहुतेक तेल्याचे असतात. तेल्या हा जिवाणूंमुळं होणारा रोग आहे, सांगोला-पंढरपूरकडच्या कितीतरी बागा यानं गेल्या. डाग सालीवर असतात, फळ तडकलेलं नसेल आणि दाबून मऊ लागत नसेल तर आतले दाणे खायला चांगलेच असतात, पण असं फळ व्यापारी घेत नाही किंवा मातीमोल भावानं घेतो. म्हणून घरी ज्यूस करायचा असेल, दाणे काढून डब्यात ठेवायचे असतील तर शेतकऱ्याला सांगून डागाळलेलीच पेटी मागवा, तुम्हाला निम्म्या भावात पडेल आणि त्याला व्यापाऱ्यापेक्षा जास्त मिळतील. तडकलेलं तेवढं आणल्या दिवशीच फोडून बघा, दाणे तपकिरी दिसले तर टाका.